सिकलसेलचं चित्र समितीपुढे ठेवा

१९ जून, जागतिक सिकलसेल दिन. शाळेत पोस्टर स्पर्धा होते, पण चित्रं काढतात बहुतेक निरोगी मुलं! माझ्या मते ज्याला हा आजार आहे, त्यालाच त्याचा शाळेतला दिवस काढू द्या. कुठं दुखतं, तहान कधी लागते, खेळाच्या तासाला कुठं बसावं लागतं. (हात दुखत असेल तर त्यानं सांगावं, मित्रानं काढावं.) मग त्याला विचारून ते चित्र शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. मागण्या साध्याच: बाकावर पाण्याची बाटली, लघवीला जायची मुभा, थंडीत गणवेशावर स्वेटर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहेच. पालकांनो, अर्जाला हे चित्र जोडाच. त्यावर नाव घालायचं की नाही, ते मात्र मुलानंच ठरवावं.