घरचें यंत्र : जुन्या गाडीचा कार्बोरेटर

गेल्या दिवाळीनंतर आमच्या राळेगांवच्या घरांत एका जुन्या मोटारसायकलवरून बराच वाद झाला. गाडी आमच्या वडील बंधूंची, म्हणजे अण्णांची. 1979 सालीं घेतलेली 350 सी. सी.ची बुलेट. हिच्यावरच घरांतील चार मुलें शाळेंत गेलीं, आणि कापसाच्या हंगामांत शेताची ये-जाही हिच्यावरच झाली. अण्णांची दृष्टि काचबिंदूनें अधू झाल्यापासून मात्र ती दोन पावसाळे पडवींत उभी होती. नोंदणीची मुदत संपत आली होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं, व पुढें दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्यासाठीं धुराच्या तपासणीचा दाखला हवा, आणि तो कांहीं मिळेना. 31 मार्च 2000 पर्यंत बनलेल्या दुचाकीच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइडचें प्रमाण शेंकडा 4.5 पर्यंत चालतें. आमची गाडी ही मर्यादा ओलांडून बरीच पुढें गेली होती. पुतण्या म्हणाला, "भंगाराच्या भावानें कां होईना, आतां देऊन टाकूं." अण्णा एवढेंच बोलले, "विकायची तर विका. पण चालू करून विका. बिघडलेली वस्तु दुसऱ्याच्या गळ्यांत बांधूं नये."

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. दोन पावसाळ्यांनंतर गाडी प्रथम सुरू होईना, तेव्हां कार्बोरेटर उघडून त्यांतील बारीक छिद्र एका तारेनें टोकरण्याचा उद्योग आम्हींच केला होता. गाडी सुरू झाली, म्हणून आम्ही स्वतःवर खूषही झालों. परंतु तेव्हांपासून ती काळा धूर ओकूं लागली. आमचें कर्तृत्व गांवच्या मिस्त्रींनीं एका दृष्टिक्षेपांत ओळखलें. जेट उजेडाकडे धरून ते म्हणाले, "तार घातली का जी याच्यात? भोक मोठं झालं. आता हे कामाचं नाही." पितळेचें तें नखाएवढें जेट, त्याचें भोक केंसभर वाढलें, एवढ्यावरून अण्णांची चव्वेचाळीस वर्षांहून जुनी सोबतीण भंगारांत जाण्याची वेळ आली होती! असा प्रमाद वाचकांच्या घरीं घडूं नये, म्हणूनच या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

प्रथम कार्बोरेटर म्हणजे काय, तें पाहूं. इंजिनास पेट्रोल द्रवरूपांत चालत नाहीं. तें हवेंत बारीक तुषारांच्या रूपानें मिसळावें लागतें. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें 14.7 भाग हवा, हें पूर्ण ज्वलनाचें प्रमाण होय. ही मिसळण करणारा स्वयंपाकी म्हणजे कार्बोरेटर. त्याची युक्ति साधी आहे. हवेची वाट मध्येंच अरुंद केली, कीं तेथें हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. दाब घटल्यामुळें खालच्या वाटींतील पेट्रोल बारीक नळींतून वर ओढलें जातें आणि हवेबरोबर फवारलें जातें. दाब आणि वेग यांचा हा संबंध दानिएल बेर्नूली यानें 1738 सालीं मांडला. अरुंद वाटेंतील प्रवाहाचा अभ्यास इटलीच्या व्हेंचुरी यानें 1797 सालीं प्रसिद्ध केला. आणि या तत्त्वावरील फवाऱ्याच्या कार्बोरेटरचें पेटंट हंगेरींत दोनात बांकी व यानोश चोंका या दोघांनीं 1893 सालीं घेतलें. आपल्या देशांत 1 एप्रिल 2020 पासून धुराचे नवे कडक नियम आले व नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा संगणकाच्या तालावर पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शननें घेतली. त्यामुळें तरुण मिस्त्र्यांच्या हातांतून ही विद्या हळूहळू सुटत चालली आहे. ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे, त्यांनीं ती थोडीतरी शिकून ठेवावी, हें बरें.

नवें जेट यवतमाळास मिळालें. जुन्यावर कोरलेला आंकडा पाहून नेमक्या त्याच आंकड्याचें घेतलें, कारण जेटचा आंकडा बदलला कीं मिसळणच बदलतें. नागपुरास अभियांत्रिकी शिकणारी आमची पुतणी सुटीला आली होती. ती म्हणाली, "अण्णा, मी उघडतें, तुम्ही शेजारीं बसून सांगा." अण्णांनीं पडवींत पाट मांडून घेतला.

पहिला नियम जागेचा. काम उघड्यावर, दिवसाउजेडीं व गाडी पूर्ण थंड असतां करावें. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें ती जमिनीलगत सरपटत दूरच्या शेगडीपर्यंत किंवा देवघरांतील समईपर्यंत पोंचूं शकते. म्हणून त्या दिवशीं वहिनींनीं पडवीकडचें दार लावून घेतलें व लहान मुलांस मागील अंगणांत पाठविलें.

टाकीचा कॉक बंद करून वाटींतील पेट्रोल एका कांचेच्या बरणींत काढलें. बरणीच्या तळाशीं पाण्याचे मोती लोळतांना दिसले. हें पाणी आलें कोठून? आजच्या पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें. 2025 सालीं त्याचें प्रमाण शेंकडा वीसवर पोंचलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि पाण्याचा अंश वाढला कीं तें पाण्यासह पेट्रोलापासून वेगळें होऊन तळाशीं बसतें. जुन्या गाडीचे रबरी भाग त्यामुळें फुगतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉलाच्या एका भागास सुमारें नऊच भाग हवा पुरते. त्यामुळें जुन्या मापाच्या जेटमधून तेवढेंच इंधन गेलें, तर मिसळण थोडें पातळ होतें. गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवावी. एवढें आम्हीं केलें असतें, तर तारेची वेळच आली नसती.

कार्बोरेटर उघडण्यापूर्वीं बाहेरून ब्रशनें स्वच्छ करावा. नाहींतर वरची काळ्या मातीची धूळ आंत जाते. मग तो पांढऱ्या परातींत ठेवून उघडावा, म्हणजे लहान स्क्रू हरवत नाहींत. पुतणीनें प्रत्येक पायरीस मोबाइलवर छायाचित्र काढलें. अण्णांची रीत जुनी : निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे क्रमानें मांडावयाचा व उजवीकडून डावीकडे परत बसवावयाचा. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वीं तो हलक्या हातानें पूर्ण आंत फिरवून किती फेरे बसले तें मोजावें व लिहून ठेवावें.

रबरी भाग आधीं बाजूला काढावे, कारण सफाईचें द्रावण त्यांस सोसत नाहीं. जेट त्या द्रावणांत भिजवून पंपाच्या हवेनें मोकळें करावें. डोळ्यांवर चष्मा असावा. फारच अडलें, तर नायलॉनचा बारीक धागा घालावा; तार अथवा टांचणी कदापि नको. आणि तोंडानें फुंकर मुळींच मारूं नये. आपल्याकडे फवारणीच्या पंपाचें तोंड तुंबलें, कीं तें सहज ओठांशीं नेण्याची संवय आहे. 2017 सालीं याच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. पेट्रोल त्या जातीचें विष नसलें, तरी फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें. संवय एकच असते. ती घरांत मोडली, तर शेतांतही मोडते.

फ्लोट म्हणजे वाटींतील तरंगता भाग कानाशीं नेऊन हलवावा. आंत पेट्रोल खळखळलें, तर त्यास भोक पडलें आहे असें समजावें. त्याच्या सुईच्या टोकावर झिजून कंगोरा उमटला असेल, तर ती बदलावी. नाहींतर पेट्रोल थांबत नाहीं, वाटी भरून वाहते. आमची सुई ठीक निघाली. बसवितांना जोर करूं नये. पितळ व हलका धातु यांचे आटे मऊ असतात. बोटांच्या ताकदीनें बसवून शेवटीं किंचित् आवळलें, कीं पुरे.

आतां सूर लावण्याचें काम. त्याआधीं हवेची गाळणी, प्लग व व्हाल्व्हचें अंतर तपासावें. पुष्कळदां दोष त्यांचा असतो आणि शिक्षा कार्बोरेटर भोगतो. मग गाडी अंगणांत आणून दहा मिनिटें गरम होऊं द्यावी. बंद खोलींत हें करूं नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो जीव घेतो. संथ गतीचा स्क्रू थोडा चढवून ठेवावा व हवेचा स्क्रू दीड फेऱ्यापासून सुरू करावा. आमच्या प्रकारच्या कार्बोरेटरांत हा स्क्रू बाहेर आला, कीं हवा वाढते व मिसळण पातळ होतें; आंत गेला, कीं घट्ट होतें. कांहीं बनावटींत तो हवेऐवजीं पेट्रोल नियंत्रित करतो, तेथें हें उलट घडतें. म्हणून आपल्या गाडीची माहितीपुस्तिका पाहावी.

येथें अण्णांचे डोळे उपयोगी नव्हते, पण कान शाबूत होते. पुतणी पाव-पाव फेरा फिरवी, आणि अण्णा मान खालीं घालून ऐकत. "थांब. आतां अडखळते. मागें घे… अजून थोडी… हां." ठोके सर्वांत जलद व सर्वांत सारखे ज्या ठिकाणीं पडतात, तेंच योग्य ठिकाण. तें साधल्यावर संथ गति पुन्हां खालीं आणावी. पुतणीनें तीन वेळां स्क्रू हलवून पुन्हां शोधला, आणि तिसऱ्या वेळीं अण्णांच्या आधीं तिनेंच "हां" म्हटलें. अण्णा हंसले. घरांत त्यांचें हंसणें आम्हीं बऱ्याच दिवसांनीं ऐकलें.

अर्ध्या तासाच्या फेरीनंतर प्लग काढून पाहावा. टोक फिकट विटकरी असेल, तर मिसळण बरोबर. काजळी असेल, तर पेट्रोल जास्त. पांढरें पडलें असेल, तर हवा जास्त. तिसरी स्थिति सर्वांत घातक, कारण तींत इंजिन तापून पिस्टनास इजा होते. आमच्याकडील वैशाखांत तर तिची अधिक काळजी घ्यावी. मधल्या गतींत हा दोष दिसला, तर सुईवरची क्लिप एक खांच खालीं बसवावी. सुई तेवढी उंच होते व पेट्रोल वाढतें.

चौथ्या दिवशीं पुतण्या गाडी घेऊन कळंबवरून यवतमाळास गेला. धुराची तपासणी झाली; कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या निम्म्याहून कमी भरला. दाखला घेऊन तो संध्याकाळीं परतला व आपण होऊन म्हणाला, "अण्णा, रस्त्यांत एकदांही अडली नाहीं. उद्यां शेतावर येतां का मागें बसून?" अण्णांनीं होकार दिला आणि वहिनींस टोपी कोठें आहे तें विचारलें. टोपी राहूं द्या, हेल्मेट घाला, असें वहिनींनीं बजावलें.

गाडी विकावी कीं ठेवावी, हा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. विकली, तर तिचा नवा मालक फसणार नाहीं, एवढें अण्णांचें समाधान झालें आहे. आमच्यापुरतें सांगावयाचें, तर तारेनें रुंदावलेलें तें जेट आम्हीं टेबलाच्या खणांत जपून ठेवलें आहे. न कळणाऱ्या कामांत घाईनें हात घालावासा वाटला, कीं तें काढून पाहतों.