ऐकणारा कान

वार्षिकांकासाठी लेख देण्याची अखेरची तारीख जवळ आली की शाळेत एक मौजेचे दृश्य दिसते. वर्षभर ज्यांच्या वहीत स्वतःची म्हणून एक ओळ उतरली नाही, असे विद्यार्थी दोन रात्री जागून कविता, निबंध, गोष्टी लिहून काढतात. प्रतिभा नेमकी त्याच दोन रात्री कशी प्रसन्न होते? माझ्या मते फरक एवढाच असतो की, कोणीतरी त्यांच्या लेखाची वाट पाहत असते. लेखकाला स्फूर्ती हवी हे खरे, परंतु "पुढे काय लिहिलेस?" असे विचारणारा माणूस त्याला अधिक निकडीने हवा असतो.

आपल्या माळव्याला ही गोष्ट नवी नाही. अकराव्या शतकात धारेस राज्य करणाऱ्या भोजराजाच्या सभेच्या कथा 'भोजप्रबंधा'त आहेत. कालिदास, बाण आणि माघ यांना एकाच सभेत बसविणारा हा ग्रंथ इतिहास म्हणून वाचावयाचा नाही. तथापि त्यातील समस्यापूर्तीचा प्रकार मननीय आहे. एक चरण पुढे ठेवावा आणि कवीने उरलेला श्लोक पुरा करावा! आपले डोळे राजाने दिलेल्या लक्ष मुद्रांवर खिळतात. पण श्लोक ऐकण्यास सभा उत्सुक बसली आहे, ही जाणीवही कवीला शब्द सुचवीत असली पाहिजे.

धारेहून देवासला यावे, तर तेथे अधिक खात्रीलायक उदाहरण सापडते. प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. हिंदुस्थानावरील आपल्या कादंबरीची कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेली प्रकरणे त्यांनी बरोबर आणली होती. ज्या देशाची कथा, तोच देश डोळ्यांपुढे होता. राजवाडा होता, देवीची टेकडी होती. तरीही कादंबरी पुढे सरकेना! इंग्लंडला परतल्यावर लेनर्ड वुल्फ या मित्राने ती पुरी करण्याचा आग्रह धरला, आणि १९२४ साली 'अ पॅसेज टु इंडिया' प्रसिद्ध झाली. विषय देवासने दिला. लेखणी पुन्हा हाती धरावयास मित्राचा आग्रह कारणी लागला.

फॉर्स्टर आणि वुल्फ हे दोघेही लंडनच्या 'मेमॉयर क्लब' या मंडळात होते. मॉली मॅकार्थी या बाईंनी ते १९२० साली स्थापन केले. सभासदांनी आपल्या आठवणी लिहून आणाव्यात आणि मित्रांपुढे वाचाव्यात, असा तेथील परिपाठ होता. आपले पती डेस्मंड यांनी काही भरीव लिहावे, हा बाईंचा एक अंतःस्थ हेतू होता. आपल्याकडे १९२३ साली पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ याच जातीचे. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमाबाई रानडे आदी मंडळी एकत्र जमत, एकमेकांस कविता ऐकवीत. आणि त्याच वर्षी त्यांचा 'किरण' हा संग्रह बाहेर पडला.

यावर कोणी म्हणेल, अशा मंडळांत परस्परस्तुतीच फार चालते. आक्षेप अगदीच निराधार नाही. १९२५ साली अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्या काळच्या कवींची, त्यांत रविकिरण मंडळातील कवींचीही, यथेच्छ थट्टा केली. शिवाय मंडळ कोणाच्या वतीने लिहूनही देत नाही. डेस्मंड मॅकार्थी यांची कादंबरी अखेरपर्यंत झालीच नाही! दुसरा कोणी विचारील, देवासला राहून, पुण्या-मुंबईपासून दूर, भा. रा. तांब्यांनी कविता लिहिल्याच ना? लिहिल्या खऱ्या, पण १९२० साली त्या पुस्तकरूपाने आणल्या वा. गो. मायदेवांनी, आणि १९३५ साली 'समग्र कविता' संपादिली माधव जूलियनांनी. एकांतात लिहिणाऱ्यालाही अखेर कोणाचा तरी कान लाभावा लागतो.

माळव्यातील मराठी घरांना या विचाराचे महत्त्व विशेष आहे. आपल्या बाजारात, कचेरीत हिंदीचा व्यवहार चालतो, आणि ते योग्यच आहे. मराठी उरते ती आजीच्या गोष्टीत आणि जेवणाच्या पंगतीत. बोलण्यापुरती राहिलेली भाषा कागदावर उतरावयास संकोचते. आणि जे मराठीत लिहिलेले कोणी ऐकणारच नाही, ते मुलांनी लिहावे तरी कोणासाठी?

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, माझी सूचना अगदी साधी आहे. चार जणांनी दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास एकत्र बसावे. प्रत्येकाने निदान दहा ओळी लिहून आणाव्यात. आणल्या नसतील, तर तसे सरळ सांगावे. ऐकणाऱ्यांनी एक आवडलेली जागा सांगावी आणि एक न कळलेली. नुसती 'छान, छान' म्हणू नये आणि हसूही नये. पालकांनीही महिन्यातून एकदा घरी ही वही वाचावयास लावावी. असे वर्ष गेले, तर पुढील अंकाच्या वेळी कोणास रात्री जागाव्या लागणार नाहीत. वहीतून काय निवडावे, एवढाच प्रश्न उरेल.