भोगलेलंच लिही म्हणणाऱ्यांना



मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या कविसंमेलनात मी कविता वाचली नाही. कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं. मी ज्या राईस मिलमधे डुटी करतो तिथं सॉर्टेक्स नावाची मशीन आहे. तांदूळ वरून धारेनं पडतो. कॅमेरे दाणा न् दाणा बघतात. काळा, पिवळा, डागी दाणा दिसला की हवेची फुंकर बसते आणि दाणा बाजूच्या नळीत. डोळ्याचं पातं लवायच्या आत. माझ्या कादंबरीत ही मशीन तांदूळ सोडून माणसं निवडायला लागते. शहराच्या फाटकावर बसवलेली. तिला जात कोणीच सांगितलेली नाही. तरी बरोब्बर आपलेच दाणे ती उडवते. का उडवते हे शोधायला निघालेली पोरगी ही नायिका. तिची आजी याच मिलमधे सूप घेऊन खडे निवडायची. मशीन आली आणि आजी घरी बसली.

अध्यक्ष प्राध्यापक होते. आपलेच. बाबासाहेबांवर तासभर कागद न घेता बोलणारे. म्हणाले, भाषा आहे तुझ्याकडे, पण हे असलं कशाला? तू तुझं भोगलेलं लिही. हमाली लिही, आई लिही. विज्ञानकादंबरी हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे.

टाळ्या पडल्या. मी खाली येऊन बसलो तर बाजूचा कार्यकर्ता मित्र कानाशी लागला, "बावा, इथं रमाई घरकुलाचा हप्ता भेटून नाही रायला, अन् तू कायले चंद्रावर जाऊन रायला?"

त्या दोघांना तिथं उत्तर देता आलं नाही. रात्रपाळी होती, निघावं लागलं. ते उत्तर आता देतो.

पोट भरलेल्यांचा उद्योग, हे अर्धं खरं आहे. मराठीत विज्ञानकथा म्हटलं की पहिलं नाव येतं जयंत नारळीकरांचं. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृत जाणणारी, पुढं केंब्रिज. तिथले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहायचे. म्हणजे वर्गातही आकाश आणि गोष्टीतही आकाश. १९७२ ला नारळीकर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. अहमदाबादच्या एका परिषदेत व्याख्यान कंटाळवाणं झालं म्हणून गोष्ट लिहायला घेतली, 'कृष्णविवर'. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. आता इथं थांबा. स्वतःच्या नावानं नाही पाठवली. नावाची आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं. अक्षर ओळखू येईल म्हणून बायकोकडून, गणितज्ञ मंगला नारळीकरांकडून, ती उतरवून घेतली. पहिला नंबर आला.

हा किस्सा त्यांच्या मोठेपणाचा म्हणून सांगतात. आहेच मोठेपणा. नावाच्या वजनानं बक्षीस नको, हा सरळ माणसाचा विचार आहे. पण मी तो ऐकला तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच आलं. त्यांनी नाव लपवलं कारण नाव फार उजेडाचं होतं. आपली पोरं खोली भाड्यानं घ्यायला जातात तेव्हा आडनाव गिळतात ते कशासाठी? एक माणूस नाव लपवून स्पर्धेत उतरतो आणि निकाल लागल्यावर नाव सांगून आणखी मोठा होतो. दुसऱ्यानं नाव सांगितलं की घरमालकाला अचानक आठवतं, खोली कालच दिली. एवढ्या एका गोष्टीवर कादंबरी उभी राहते. नाव पुसून टाकणारी मशीन काढा, चार दिवस चालवा, मग बघा गावात कोण कुणाच्या विहिरीवर जातं. हे कोणी लिहायचं?

नारळीकरांबद्दल माझ्या मनात आकस नाही. २००८ साली त्यांनी दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर ज्योतिषाची परीक्षा घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका, शंभर हुशार, शंभर मतिमंद. २७ ज्योतिषी शेवटपर्यंत आले. बरोबर उत्तरं निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर जास्त जमलं असतं. हे काम आपलं आहे, आणि दाभोलकरांना त्यासाठी २०१३ ला गोळ्या घातल्या. २०२१ ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं. त्याच वेळी त्याच नाशकात विद्रोही संमेलनही भरलं. २० मे २०२५ ला ते गेले. मला त्यांच्याशी भांडण करायचंच नाही. माझं भांडण आहे त्यांच्यानंतर हे खातं कायमचं एका पेठेच्या नावावर लिहून टाकणाऱ्यांशी, आणि सही करायला पुढं होणाऱ्या आपल्या प्राध्यापकांशी.

आणखी एक. मराठीत विज्ञानकथेवर कोणाची चूल पेटलेली नाही. बाळ फोंडके भाभा अणुशक्ती केंद्रात, सुबोध जावडेकर केमिकल इंजिनिअर, लक्ष्मण लोंढे बँकेत. सगळ्यांची डुटी आधी, लिहिणं नंतर. मग आपल्यात नि त्यांच्यात फरक काय? त्यांना महिन्याचा पगार, रविवार आणि ऑफिसात येणारी मासिकं. आपल्याला ठेकेदार, आणि हंगामात रविवार नाहीच. मी जुन्या बिल्ट्यांच्या पाठीवर लिहितो. फरक लहान नाही, मी लहान म्हणत नाही. पण तो डोक्यातला फरक नाही, वेळेचा आहे. आणि वेळ चोरता येते.

इंग्लंडात वेल्स नावाच्या पोरानं ती चोरली. आई मोठ्या हवेलीत हाउसकीपर. पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं असताना कापडाच्या दुकानात उमेदवार म्हणून डांबलं. तेरा तेरा तास काम, झोपायला सगळ्यांची मिळून एक खोली. तिथून सुटून शिष्यवृत्तीवर विज्ञान शिकला आणि १८९५ ला 'द टाइम मशीन' लिहिली. लाखो वर्षांनंतरची पृथ्वी. वर उन्हात गोरी, नाजूक, बिनकामाची माणसं खेळतायत. खाली जमिनीच्या पोटात मशिनी चालवणारे अंधारातले मॉरलॉक. कामगार पिढ्यान्‌पिढ्या खाली राहून राहून तसे झाले. आई जिथं राबली त्या हवेलीत नोकरांसाठी जमिनीखालून बोगदे होते. पोरानं ते बघितले होते. भोगलेलंच होतं की ते, प्राध्यापकसाहेब! फक्त ते त्यानं रडून सांगितलं नाही. लाखो वर्षं पुढं नेऊन हिशेब लावला, की हे असंच चालू राहिलं तर माणसाचं काय होईल.

पण वेल्सवर माझा रागही आहे. खालून आलेला हा माणूस, आणि त्याच्या कादंबरीत खालचे काय निघाले? माणूस खाणारे राक्षस. प्रवासी वरच्यांच्या बाजूनं, हातात काडी घेऊन खालच्यांना जाळत सुटतो. खालचा एकही तोंड उघडत नाही. एकालाही नाव नाही. वाचताना मला वाटलं, या पुस्तकात मी कुठं असतो? खाली. मशिनीपाशी. आणि वाचणारा मला भीत असता. म्हणून नुसतं खालून येणं पुरत नाही. गोष्ट कुठं उभं राहून सांगता ते बघावं लागतं. मॉरलॉकनं लिहिलेली 'टाइम मशीन' बाकी आहे, दोस्तहो. ती केंब्रिजमधून यायची नाही.

आता त्या बाईचं सांगतो जिच्यामुळं मी हा नाद धरला. ऑक्टेव्हिया बटलर. काळी, अमेरिकेतली, जन्म १९४७ चा. बाप बूट पॉलिश करायचा, तो लवकर गेला. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची, मागच्या दारानं जायची. पोरगी बाराएक वर्षांची असताना टीव्हीवर मंगळावरच्या बाईचा एक भिकार सिनेमा बघून म्हणाली, यापेक्षा बरं मी लिहीन. मावशीनं समजावलं, काळी माणसं लेखक होत नसतात. मावशी वाईट नव्हती. तिनं पाहिलेलाच नव्हता काळा लेखक. आपल्याकडं ही मावशी आता एम.ए. पीएच.डी. झाली आहे, एवढाच फरक.

बटलरनं भांडी घासली, फोनवरून माल विकला, कारखान्यात बटाट्याचे वेफर तपासले. चांगला वेफर इकडं, खराब तिकडं. माझी सॉर्टेक्स मशीन जे करते ते ही बाई डोळ्यांनी करायची. रात्री दोनला उठून लिहायची, मग कामावर. वर्षानुवर्षं. १९९५ ला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ती मिळालेली ती पहिली विज्ञानकथाकार. २००६ ला वारली.

तिची 'किंड्रेड' १९७९ ची. कॉलेजात एक काळा पोरगा तावातावानं बोलायचा, की आमच्या म्हाताऱ्यांनी इतकी वर्षं मान खाली घालून आम्हाला मागं ठेवलं, त्यांना मारून टाकावंसं वाटतं. बटलरला आई आठवली. मागच्या दारानं जाणारी, अपमान गिळणारी, त्याच पैशानं पोरीला वाढवणारी. भाषणानं उत्तर देता आलं असतं. तिनं कादंबरीनं दिलं. १९७६ ची शिकलेली काळी तरुणी एकाएकी गुलामीतल्या मेरीलँडला ओढली जाते. गुलामांच्या मालकाच्या पोराला तिला वाचवावं लागतं, कारण तोच तिच्या वंशाचा मूळपुरुष. तो मेला तर हीच जन्मायची नाही. तिथं तिला कळतं की मान खाली घालणं म्हणजे काय, आणि जगून राहणं ही केवढी मेहनत आहे. शेवटी परत येते तेव्हा एक हात गमावून येते. हे लिहायला बटलर लांबच्या बसनं मेरीलँडला गेली, तिथल्या लायब्रऱ्यांत बसली. पैसे नव्हते, तरी गेली.

आता आपल्या पोरांचं बोलणं आठवा. "आजा पाटलापुढं जोहार घालायचा, मेलेलं ढोर ओढायचा, थू." मीही म्हणालो आहे. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या अशा एका पोराला, खिशात मोबाईल, गळ्यात निळा गमचा, उचलून शंभर वर्षांपूर्वीच्या मोहाडीकडच्या एखाद्या गावात टाका. महारवाड्यात. पाच तोंडं खायला, बलुत्याचं धान पाटलाच्या खळ्यावर. पहिल्या सकाळी तो काय करेल? दुसऱ्या सकाळी? ही कादंबरी भोगलेल्याची की कल्पनेची, सांगा बरं प्राध्यापकसाहेब.

भोगलेलं लिहिणाऱ्यांचं मोल मी कमी करत नाही. त्यांनी तोंड फोडलं नसतं तर माझ्या हातात पेन आलं नसतं. पण त्यांनी दार फोडलं ते आपण दारातच बसावं म्हणून नाही. काल लिहायचं ते दलितानं आणि उद्या लिहायचा तो दुसऱ्यानं, ही कामाची वाटणी कोणी केली? गावात वाटणी अशीच असते. ढोर ओढायचं ते आपण, पंचांग सांगायचं ते दुसऱ्यानं.

मित्रा, तुझ्या हप्त्याकडं येतो. तुला वाटतं उद्याच्या गोष्टी म्हणजे चंद्र. पवनीकडं जा. गोसीखुर्द धरणाचा पाया १९८८ ला राजीव गांधींच्या हातून घातला. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी, पुढं तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. शेतं गेली, गावं उठली, पाण्याखाली देवळं आणि विहारं गेली. अगोदर सगळं कागदावर होतं. इतकं पाणी, इतकी हिरवळ, इतक्या वर्षांत. ती कादंबरीच होती आणि उठणाऱ्या गावातल्या कोणालाही ती लिहायला बोलावलं नव्हतं. हातानं मैला उचलायला लावायची बंदी १९९३ च्या कायद्यात, संरक्षणाशिवाय गटारात माणूस उतरवायची २०१३ च्या. २०१८ ला केरळातल्या पोरांनी गटार साफ करणारा रोबोट काढला. तरी आपली माणसं मॅनहोलमधे मरायची थांबली नाहीत. मशीन कुठं जाईल आणि माणूस कुठं उतरेल हे कोणीतरी ठरवतो. ठरवणाऱ्याच्या डोक्यात उद्याचं चित्र असतं, आणि त्यात तू कुठं उभा आहेस हे त्यानं काढून ठेवलेलं असतं. तुझा हप्ता अडलाय तोही कोणाच्या तरी यादीत. ती यादी आता कॉम्प्युटर करतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा दामोदर खोऱ्याची योजना, विजेचं नियोजन, नद्यांसाठी केंद्रीय आयोग, या सगळ्यात त्यांचा हात होता. वीस-तीस वर्षांनंतरच्या पाण्याचा हिशेब तो माणूस करत होता. त्यांना कोणी म्हणालं नाही की तुम्ही फक्त भोगलेलं सांगा. (आपल्या भंडाऱ्यानं मात्र १९५४ च्या पोटनिवडणुकीत त्यांना पाडलं. ही गोष्ट जिल्ह्यात अजून खालच्या आवाजात सांगतात.) आणि त्याच्याही कितीतरी आधी संत रविदासांनी बेगमपुरा सांगितला. दुःख नसलेलं शहर, कर नाही, भीती नाही, पाहिजे तिथं हिंडावं. हातात रापी, समोर कातडं, आणि डोक्यात एक अख्खं शहर.

२०२४ ला चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं जातिविरोधी विज्ञानकथांचा संग्रह काढला. इंग्रजीत. चांगली गोष्ट आहे. पण तुमसरच्या बसस्टँडावर तो मिळायचा नाही, आणि माझी आई तो वाचायची नाही. ती मराठी वाचते, अक्षरावर बोट ठेवून.

कादंबरी मी सोडलेली नाही. आता नवव्या प्रकरणात अडलोय. मशीनला जात कोणी सांगितली नाही, मग ती शिकली कशी? मी असं लिहिलंय की तिला शंभर वर्षांची जुनी वही दिली, फाटकातून आजवर कोणाला आत घेतलं त्याची. वही तिची गुरू. वस्तीचं नाव, बापाचा धंदा, शाळा, यांवरून ती वहीसारखंच निवडायला लागली. हे ढोबळ आहे. कॉम्प्युटर असा नेमका शिकतो कसा, त्याची वही बाहेर काढून दाखवता येते का, चुकीचं शिकलेलं पुसता येतं का, हे मला पक्कं पाहिजे. खोटं विज्ञान लिहायचं नाही. तुमच्यात कोणी नागपूरला नाहीतर पुण्याला यातलं शिकत असेल त्यानं या अंकाच्या पत्त्यावर कळवावं, मराठीत, माझ्यासारख्या दहावीवाल्याला कळेल असं. पैसे देता यायचे नाहीत. नायिका आठ महिन्यांपासून फाटकाबाहेर उभी आहे.