बलाढ्य प्रतिस्पर्धी मिळणार कोठे?

जॉर्जियातील बाटुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये नमवून महिला विश्वचषक जिंकला. १९ वर्षांच्या दिव्याला स्पर्धेत १५वे मानांकन होते. रेटिंगमध्ये ती हम्पीपेक्षा ८० गुणांनी मागे होती. राज्य सरकारने तिला तीन कोटी रुपये देऊन गौरविले, ते उचितच झाले. मात्र या यशाचा खरा धडा नागपूरच्या दक्षिणेला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गिरवायला हवा.

बुद्धिबळात दुबळ्या खेळाडूला बलाढ्याशी खेळण्याचे भय नसते, उलट लाभच असतो. फिडेचे गणित पाहा. नवोदिताने आपल्याहून ४०० गुणांनी वरचढ खेळाडूला हरविले, तर त्याच्या खात्यात सुमारे ३७ गुणांची भर पडते. बरोबरी साधली तरी सुमारे १७ गुण मिळतात. हरला तर जेमतेम तीन गुण जातात. पराभव इतका स्वस्त आणि शिकवण इतकी मोलाची, असा सौदा अन्य खेळांत क्वचितच आढळेल.

अडचण आहे ती या सौद्यापर्यंत पोहोचण्याची. पहिले रेटिंग मिळण्यासाठी रेटिंगप्राप्त खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात. इंटरनेटवर कितीही डाव खेळले तरी ते या पारंपरिक रेटिंगच्या हिशेबात येत नाहीत. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता या ग्रँडमास्टरांच्या नागपूरला असे प्रतिस्पर्धी घराजवळ भेटतात. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटरवर आहे. भामरागडच्या मुलाला तर आधी गडचिरोली गाठायचे, तेही पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने वाट अडवली नाही तर! स्पर्धेचे प्रवेशशुल्क, पालकासह प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च त्यानंतरचा.

म्हणजे तेथील मूल रेटिंगच्या यादीत दिसत नाही, याचा अर्थ त्याच्यात गुणवत्ता नाही असा होत नाही. त्याचे मोजमापच झालेले नसते. विजेत्यांचा गौरव जरूर व्हावा; पण त्या रकमेच्या अल्पशा अंशातूनही चंद्रपूर, गडचिरोली, अहेरी येथे दरवर्षी रेटिंग स्पर्धा भरविता येतील आणि बाहेरच्या नामवंतांना तेथे खेळायला बोलाविता येईल. बलाढ्यांकडून हरण्याची संधी हीच या खेळातली पहिली शिष्यवृत्ती होय. ती जंगलातल्या मुलांना नाकारून पुढच्या दिव्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.