मांड पक्की हवी



या अंकाच्या संपादकीयाला घोडेस्वारीचा विषय कशाला, असं काहीजणींना वाटेल. घरातली मारहाण, रेशन, पाणी, रोजगार असे प्रश्न दारात उभे असताना श्रीमंतांच्या लेकींचा शौक आपल्या पानांवर का यावा? शंका रास्त आहे. पण घोड्यावर कोणी बसायचं आणि कोणी नाही, हा प्रश्न कधीच फक्त शौकाचा नव्हता. म्हणून थोडं सविस्तर बोलू.

ब्रिटनमध्ये लहान चणीच्या तट्टांवर बसून खेळायचा 'माउंटेड गेम्स' नावाचा सांघिक खेळ आहे. एका संघात पाच स्वार आणि पाच तट्टं, त्यांतले बहुतेक शर्यतींत चौघं उतरतात. खांबांमधून नागमोडी दौडायचं, भर वेगात झेंडा उचलून दुसऱ्या डब्यात रोवायचा, धावत्या तट्टावर उडी मारून बसायचं आणि पुढच्या गड्याच्या हाती वस्तू सोपवायची. वस्तू पडली तर खाली उतरायचं, उचलायची, पुन्हा स्वार व्हायचं. चूक झाली म्हणून लगेच बाद नाही, मात्र ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे मुलगे-मुली एकाच संघात, एकाच नियमाने खेळतात. मुलींसाठी वेगळी, सोपी शर्यत नसते.

या खेळाला बळ मिळालं ते 1957 साली. महागडे घोडे ज्यांना परवडत नाहीत अशा मुलांना साध्या तट्टांवर खेळता यावं, या हेतूने तिथल्या पोनी क्लबात प्रिन्स फिलिप चषकाची स्पर्धा सुरू झाली. मुळं मात्र आपल्या ओळखीची आहेत. असल्या शर्यतींना इंग्लंडात 'जिमखाना' म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून नेला, 'गेंदखाना'वरून तो आला असं मानतात. इथल्या छावण्यांमधले घोडदळाचे खेळ आणि तिथल्या शाळकरी पोरींचे खेळ यांचं नातं असं जवळचं आहे.

आता या खेळासाठी मुलं परदेशी जातात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या पोनी क्लबांचे संघ एकमेकांकडे जातात, पण तट्टं बरोबर नेत नाहीत. यजमान देतील त्या तट्टावर बसायचं. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची मुलगी परक्या मुलखात जाते, अनोळखी घरी उतरते आणि कधी न पाहिलेल्या जनावराशी दोन-चार दिवसांत जमवून घेते. त्याचा स्वभाव ओळखणं, आपली भीती त्याला कळू न देणं, पडल्यावर उठून पुन्हा रिकिबीत पाय घालणं, हे सगळं ती कुणाच्या सांगण्याविना करते. मुलीच्या वाढीत याची किंमत काय असते, हे मुलींना 'सातच्या आत घरात' वाढवणाऱ्या आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

ही मोकळीक तिथेही आपोआप मिळालेली नाही. युरोपातल्या प्रतिष्ठित घरांमधून बाईने दोन्ही पाय एका बाजूला टाकूनच बसायचं, असा दंडक पिढ्यान् पिढ्या होता. ग्वाल्हेरचा कारभार पाहिलेल्या बायजाबाई शिंदे, मूळच्या कागलच्या घाटग्यांची लेक, पदच्युत झाल्यावर फत्तेगडला मुक्काम करून होत्या. 1835 साली फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्यांना भेटली. बायजाबाईंच्या गोटातल्या मराठा स्त्रिया दोन्हीकडे पाय टाकून, पक्की मांड ठोकून रपेट करत. पार्क्सबाईंचं एका अंगावर बसणं त्यांना विचित्रच वाटलं. मग पार्क्सबाईंनीही मराठी पद्धतीने बसून पाहिलं, आणि तसं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. 'पाश्चात्त्य स्त्री मोकळी, आपली स्त्री बंदिस्त' हे सरसकट समीकरण किती कच्चं आहे, ते इथे दिसतं. अर्थात ही सरदारघराण्याची गोष्ट झाली. त्याच काळात घोड्याला चारा कापून आणणाऱ्या बाईला खोगीर कुठे मिळालं?

ऑलिंपिकचा इतिहासही बोलका आहे. 1952 पर्यंत तिथली घोडेस्वारी लष्करी अधिकाऱ्यांचीच होती. 1948 साली स्वीडनच्या संघाने मिळवलेलं सुवर्णपदक पुढच्या वर्षी काढून घेतलं गेलं, कारण एक स्वार खरा अधिकारी नव्हता, स्पर्धेपुरता बढती दिलेला सार्जंट होता. बाई आणि साधा शिपाई, दोघंही एकाच फाटकाबाहेर उभे होते. हे फाटक 1952 मध्ये हेलसिंकीत उघडलं, तेही बायकांसाठी फक्त ड्रेसाज या एका प्रकारापुरतं. पोलिओने गुडघ्यांखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना घोड्यावर चढता-उतरताना मदत लागे. त्यांनी त्याच वर्षी पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून रौप्यपदक मिळवलं. 1956 मध्येही मिळवलं. अडथळ्यांच्या उड्या बायकांना 1956 मध्ये खुल्या झाल्या, सर्वांत खडतर समजली जाणारी तीन दिवसांची स्पर्धा 1964 मध्ये.

आज ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत स्त्री-पुरुष एकमेकांविरुद्ध उतरतात. तरीही 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत अडथळ्यांच्या उड्यांचं वैयक्तिक सुवर्ण एकाही स्त्रीला मिळालेलं नाही. पोनी क्लबात मुलींची संख्या जास्त, मग वर पोचेपर्यंत त्या जातात कुठे? उत्तर पायांतल्या ताकदीत शोधू नये. उत्तम घोड्याची किंमत प्रचंड असते. मालक आणि पुरस्कर्ते कुणावर पैसा लावतात, बाळंतपणाच्या काळात घोडा कुणाकडे जातो, असे प्रश्न विचारावे लागतील. खोगीर मिळालं तरी तबेला कुणाच्या मालकीचा, हा मुद्दा उरतोच.

आपल्याकडे 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण मिळवलं. 1982 नंतर 41 वर्षांनी घोडेस्वारीत आलेलं हे सुवर्ण. संघात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोघी होत्या, अनुष अगरवाला आणि हृदय छेडा हे दोघे होते. चौघांनी युरोपात राहून सराव केला. घोड्यांच्या रोगांबाबतच्या निर्बंधांमुळे भारतातून घोडे परदेशी नेणं फार अवघड होतं. त्यामुळे ज्याच्या घरच्यांना परदेशात राहण्याचा खर्च झेपतो, त्यालाच ही वाट खुली होती. दुसरीकडे खडकवासल्याच्या प्रबोधिनीत सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर मुली दाखल झाल्या आणि 30 मे 2025 रोजी पहिल्या 17 जणी बाहेर पडल्या. तिथे घोडेस्वारी शिकायला बापाच्या पैशाची गरज नसते. संस्थेने दार उघडलं की काय होतं, ते यातून दिसतं.

घोडा म्हणजे मान, हे आपल्या समाजात मुरलेलं आहे. लग्नात घोड्यावर मिरवतो तो नवरदेव. राजस्थान-गुजरातेत दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या अजून येतात. जातीने आणि पुरुषसत्तेने मिळून ठरवलेली ही उंची आहे. म्हणून 'मुलींना घोडेस्वारी' एवढीच आपली मागणी असू शकत नाही. कोणत्या मुलींना, हे विचारावंच लागेल. माथेरानच्या घोडेवाल्याच्या मुलीला जनावराची नाडी शहरातल्या मुलीपेक्षा जास्त कळत असेल, पण तिच्यासाठी साधी, तट्टांवरची स्पर्धा कोण भरवणार?

शेवटी प्रवासाबद्दल, कारण खेळ कोणताही असो, परदेशी जाणाऱ्या मुलीपुढे दोन प्रश्न उभे असतात. पहिला सहीचा. 1956 च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, असं लिहिलेलं आहे. 1999 साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाचा अर्थ सैल केला, कलमाची भाषा तीच राहिली. लेकीला स्पर्धेला पाठवताना आईच्या सहीला दुय्यम मानणारी ही भाषा बदलायला हवी.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. 2022 मध्ये स्लोव्हेनियात सरावाला गेलेल्या एका सायकलपटू मुलीने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर मुली असलेल्या पथकाबरोबर स्त्री-प्रशिक्षक असलीच पाहिजे, असा नियम क्रीडा प्राधिकरणाने केला. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या व्याख्येत क्रीडासंस्था आणि स्पर्धेची मैदानं येतात. तरीही 2023 मध्ये कुस्तीगीर मुलींना दाद मागण्यासाठी जंतरमंतरच्या रस्त्यावर बसावं लागलं. कागदावरची समिती आणि मुलीला विश्वास वाटेल अशी समिती यांत केवढं अंतर आहे! आपापल्या गावातल्या क्लबात, शाळेत, संघटनेत तक्रार समिती आहे का, तिच्यात कोण आहे, मुलींना तिची माहिती आहे का, एवढं तरी प्रत्येकीने विचारावं. मिळालेली उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.

आणि या भीतीपायी मुलीचा प्रवास थांबवायचा, हा उपाय मात्र आपल्याला मान्य नाही. घरात बसवलेली मुलगी सुरक्षित असते, हे आपल्या सल्ला केंद्रांकडे येणाऱ्या बायांना जाऊन सांगून पाहा. मुलगी जाईल, पडेल, उठेल आणि पुन्हा स्वार होईल. तिच्यामागे उभ्या असलेल्या आपण सगळ्यांनी मात्र मांड पक्की ठेवायला हवी.