वाऱ्याची धार

दोस्तांनो, वाऱ्याने पोलाद कापता येतं, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय!" मलाही तसंच वाटायचं. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी ते डोळ्यांनी पाहिलं.

लेथ तुम्हाला ठाऊक असेल. चाकात पकडलेला लोखंडाचा तुकडा, म्हणजे 'जॉब', गरगर फिरतो आणि टूल पोस्टमध्ये घट्ट बसवलेलं टूल त्याला सोलत जातं. बटाटा सोलावा तसं! फिरतो तो जॉब; टूल फक्त सरकतं.

पण त्या दिवशी काकांपुढे वेगळाच पेच होता. लेथचं 'सेंटर', म्हणजे लांब जॉबला टोकाशी आधार देणारा पोलादी सुळका, झिजला होता. जॉब वेडावाकडा निघत होता. सेंटर असतं पाणी दिलेल्या कडक पोलादाचं. त्यावर साधं टूल टेकवलं तर टूलचंच नाक झिजणार! ते घासायला फिरता दगडच हवा, म्हणजे ग्राइंडर.

आता गणित पाहा. दगडाचा व्यास २५ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ७८ मिलिमीटर. नीट घासायचं तर दगडाची कड सेकंदाला साधारण २५ मीटर वेगाने पळायला हवी. म्हणजे मिनिटाला जवळजवळ २०,००० फेरे! आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर थेट चालणारी वर्कशॉपातली नेहमीची मोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या पुढे जातच नाही.

मग काकांनी मुठीत मावेल एवढं हवेवरचं ग्राइंडर काढलं, टूल पोस्टवर पक्कं आवळलं आणि कॉम्प्रेसरचा पाइप जोडला. सहा किलोचं प्रेशर! म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सहा किलोचा रेटा.

आत काय असतं? एका नळकांड्यात जरा एका बाजूला सरकवलेला रोटर, आणि त्याच्या खाचांत सरकणाऱ्या पट्ट्या. दाबलेली हवा अरुंद बाजूने शिरते, पट्ट्यांना ढकलत रुंद बाजूकडे पसरते आणि रोटर भन्नाट फिरतो. दाताच्या डॉक्टरांकडचं 'सुंईऽऽ' आवाजाचं यंत्रही याचंच भावंड. अमेरिकेतले दंतवैद्य जॉन बोर्डेन यांचं 'एअरोटर' १९५७ साली आलं. त्यात पट्ट्यांऐवजी इवलंसं चक्र असतं आणि ते मिनिटाला सुमारे ३,००,००० फेरे घेतं!

काकांनी वरची स्लाइड ३० अंशांत वळवली, कारण सेंटरचं टोक ६० अंशांचं असतं. लेथच्या बेडवर ओलं फडकं पसरलं, नाहीतर दगडाची पूड स्लाइडमध्ये शिरून लेथच झिजवते. सेंटर जागच्या जागी हळू फिरत ठेवलं आणि एका वेळी मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढंच घासत गेले. ठिणग्यांची बारीक फुलबाजी उडाली. अर्ध्या तासात टोक लखलखीत!

तेवढ्यात एका मदतनीस पोराने हवेचा पाइप उचलला आणि अंगावरची धूळ उडवायला शर्टाकडे वळवला. काका असे ओरडले की मीच दचकलो. "अरे, कातडीला जखम असली तर त्यातून हवा आत शिरते. जीव जातो! आणि डोळ्यात कण गेला तर?" पोरगा पांढराफटक पडला. मग काकांनीच त्याला ब्रश आणून दिला. म्हणाले, "हवा दिसत नाही ना, म्हणून तिची भीती वाटत नाही."

दगडाचंही तसंच, बरं का! त्यावर लिहिलेल्या वेगापेक्षा जास्त फिरवला तर तो फुटून गोळीसारखा उडतो. म्हणून चष्मा हवाच.

मग सगळीच कामं हवेवर का नाही करत? कारण ती महाग पडते! कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेतला फार मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो.

खोटं वाटतं? मग करून पाहा. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दहा-बारा वेळा जोरात पंप मारा आणि खालच्या बाजूला हात लावा. ऊब लागली ना? तीच ती वाया गेलेली वीज. फरक एवढाच, की इथे बिल तुमच्या दंडाला येतं!