सही आजपासून बंद, हात पंधराव्या दिवसापासून

ही नोटीस आहे. विनंत्या करून झाल्या.

रेल्वेच्या डब्यांवर बसणारी एसी युनिटे आम्ही जोडतो. ब्रेझिंगवाले, वायरिंगवाले, टेस्टिंगवाले. परमनंट आणि ठेकेदारीतले. या दोघांत अंतर ठेवून कारभार करण्याची व्यवस्थापनाला सवय आहे. म्हणून आधीच सांगतो. या कागदावर दोघांच्याही सह्या आहेत, एकाच रकान्यात.

ज्यांच्या हाती ही नोटीस दिली, त्यांना आमचे म्हणणे नवे नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर लेखी निवेदन दिले. पोच मिळाली, उत्तर नाही. स्मरणपत्र दिले. त्याचीही पोच मिळाली. सेफ्टी कमिटीत विषय मांडला. इतिवृत्तात तो ‘चर्चा झाली’ एवढ्या दोन शब्दांत उतरला. भेटीची वेळ मागितली. वेळ मिळाली, आणि आम्ही केबिनबाहेर उभे असताना ती रद्द झाली.

या सबंध काळात लाइन थांबली नाही. एकाही युनिटचे डिस्पॅच आमच्यामुळे चुकले नाही. गेटवर सभा झाली नाही. घोषणा झाली नाही.

तो संयम ठरवून ठेवलेला होता. तुम्ही त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावलात.

आता मूळ विषय. तो पगाराचा आहे, पण आधी तो कामाचा आहे.

एलएचबी डब्याच्या छपरावर दोन टोकांना दोन युनिटे असतात. थ्री-टिअर एसीच्या डब्यात ७२ बर्थ असतात. खिडक्यांच्या काचा उघडत नाहीत. मे महिन्यात गाडी भुसावळ सोडून नागपूरकडे निघते, तेव्हा बाहेरचा पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास असतो. आतल्या माणसांना हवा मिळते ती या दोन युनिटांतून. दुसरी सोय नसते.

म्हणून युनिट कसे जोडायचे हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. रेल्वेच्या लखनौच्या संशोधन व मानक संस्थेने, आरडीएसओने, त्याचे निकष ठरवून दिले आहेत. ते आम्हाला पाठ आहेत. तुम्हालाही असावेत.

तांब्याची नळी ब्रेझ करताना आतून नायट्रोजन सोडावा लागतो. तो सोडला नाही तर तापलेल्या तांब्यावर आतल्या बाजूने काळी पापडी धरते. ती बाहेरून दिसत नाही. जॉइंट चकचकीत दिसतो. पुढे पापडी सुटते, गॅसबरोबर फिरते आणि फिल्टरमध्ये, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. आमच्याकडे बेंच वाढवले गेले. नायट्रोजनच्या लाइन वाढल्या नाहीत. ज्या बेंचवर लाइन नाही, तिथेही कोटा तेवढाच आहे.

जोडणी झाली की कोरडा नायट्रोजन दाबाने भरून गेजचा काटा पडतो का हे पाहत थांबायचे. मग पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची. व्हॅक्यूम इतका खोल लागतो, की नळीत राहिलेले पाणी साध्या तापमानालाच उकळावे आणि वाफ होऊन निघून जावे. याला वेळ लागतो. पावसाळ्यात जास्त लागतो. चांगले, मोठे पंप असले तर हा वेळ कमी होतो. हुकमाने कमी होत नाही.

तुम्ही पंप घेतले नाहीत. हुकूम काढला.

ओल आत राहिली तर काय होते, हे आम्ही निवेदनात लिहिले होते. पुन्हा लिहितो, कारण ते वाचले गेल्याची खूण कुठे दिसत नाही. आर-४०७सी गॅसबरोबर कॉम्प्रेसरमध्ये जे तेल असते, ते ओल झटकन शोषते. त्यातून आम्ल तयार होते. आम्ल मोटरच्या वाइंडिंगचा थर खाते. कॉम्प्रेसर जळतो. शेडमध्ये जळत नाही. शेडमध्ये ते युनिट गारच हवा देते आणि पास होते. जळतो काही महिन्यांनी, धावत्या गाडीत.

गॅस भरण्याचेही तसेच. आर-४०७सी हे तीन वायूंचे मिश्रण आहे. ते गळले तर तिन्ही वायू सारख्या प्रमाणात गळत नाहीत. म्हणून गळक्या युनिटमध्ये वरून गॅस टाकून भागत नाही. उरलेला काढायचा, लीक शोधून बंद करायचे, परत व्हॅक्यूम करायचा आणि नव्याने वजनावर भरायचा. हे प्रत्येक गॅसवाल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. महिनाअखेरीस आम्हाला सांगितले जाते, वरून टाका आणि पुढे सरकवा.

मग डब्यातला कॉम्प्रेसर जळतो. तक्रार येते. टेस्ट शीट बाहेर काढली जाते.

तिच्यावर सही आमची असते.

ज्याने वेळ कापला त्याची त्या शीटवर सही नसते. ज्याने पंपाची मागणी परत पाठवली त्याची नसते. गेज लावण्याआधी आकडा लिहायला ज्याने सांगितले, त्याचीही नसते. सही बहुतेक वेळा ठेकेदारीतल्या मुलाची असते. त्याला सांगितलेले असते, सही कर, नाहीतर उद्या गेट पास चालणार नाही.

हे आज बंद झाले.

यासाठी मुदत दिलेली नाही. जो आकडा गेजवर आम्ही स्वतः पाहिला नाही, त्याखाली आमच्यापैकी कोणाचीही सही यापुढे पडणार नाही. खोट्या कागदावर सही करायला कोणताही कायदा कामगाराला भाग पाडत नाही. सही नाकारली म्हणून कोणाचा पास अडवला गेला, तर तो एकट्याचा प्रश्न राहणार नाही. त्या शिफ्टचा होईल.

आम्ही काम संथ करणार नाही. युनिट जसे जोडायला हवे तसेच जोडू, लागेल तेवढ्या वेळात. प्रत्येक युनिटच्या व्हॅक्यूमची आणि वजनाची नोंद आमच्या वहीतही राहील. रेल्वेच्या तपासणी अधिकाऱ्यांनी विचारले, तर ती वही त्यांच्यापुढे ठेवली जाईल.

आता आमच्या अंगाचा विषय.

चांदीच्या काही ब्रेझिंग रॉडमध्ये कॅडमियम असते. तापल्यावर त्याचा धूर सुटतो. तो फुप्फुस आणि मूत्रपिंड निकामी करतो. जास्त प्रमाणात छातीत गेला तर माणूस मरतो. कॅडमियम नसलेले रॉड बाजारात मिळतात. महाग असतात. आमच्या बेंचवर कोणता रॉड येतो, हे खरेदी विभागाने लेखी सांगावे, असे निवेदनात म्हटले होते. तेवढे एक वाक्यही मिळाले नाही.

दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या युनिटांत आर-२२ असतो. नळीत तो थोडा जरी उरला असेल आणि तिच्यावर टॉर्च पडला, तर त्यातून फॉस्जीन आणि हायड्रोजन फ्लोराइड हे विषारी वायू तयार होऊ शकतात. म्हणून गॅस आधी रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा असतो. मशीन एक आहे. ते बरेचदा बंद असते. दुरुस्तीच्या बेंचवरचा धूर खेचणारा पंखाही बंद असतो. त्या बेंचवर मुद्दाम नवी मुले बसवली जातात, कारण ती विचारत नाहीत.

आता त्यांच्या वतीने आम्ही विचारतो आहोत.

पगाराचे थोडक्यात. एकाच युनिटवर एका बाजूला परमनंट आणि दुसऱ्या बाजूला ठेकेदारीतला उभा राहतो. जॉइंट तोच, रॉड तोच, टेस्ट तीच. मोबदला वेगळा. ओव्हरटाइमला दुप्पट दर कायद्याने ठरलेला आहे. ठेकेदाराच्या स्लिपवर तो एकपट दिसतो. हा वाद मागण्यांचा नाही, वसुलीचा आहे.

तुमच्या बाजूने आम्हाला अधूनमधून १९८२ ची आठवण करून दिली जाते. १८ जानेवारीला संपाने मुंबईच्या गिरण्या थांबल्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे काय झाले ते आमच्यातल्या काहींच्या घरांनी भोगले आहे. आम्हाला ते दुसऱ्याने सांगावे लागत नाही. आम्ही त्याचा अभ्यास केला आहे. म्हणून आमचे कागद पूर्ण आहेत. मुदत ठरलेली आहे. आणि मागण्या अशा आहेत, की त्या मान्य केल्याने कारखाना बंद पडत नाही, उलट नीट चालतो.

नवी माणसे आणू, असेही बोलले गेले. आणा. आयटीआयतून आलेला मुलगा आठवड्यात टॉर्च धरायला शिकतो. तांब्याचा रंग कोणता झाला की रॉड टेकवायचा, हे त्याच्या हाताला कळायला किती काळ लागतो, ते तुमच्या रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये नोंदलेले आहे. आम्ही ते रजिस्टर भरतो. आम्हाला आकडे माहीत आहेत.

आणि माल थांबून चालणार नाही, हेही आम्हाला माहीत आहे.

२५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले, काही मेले. त्यानंतर मुंबईच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचे ठरले. मुंबईसाठी २३८ एसी लोकल घेण्याची योजना आहे. वंदे भारतचे डबेही वाढत आहेत. या प्रत्येक डब्याच्या छपरावर कोणीतरी जोडलेले युनिट असणार.

दरवाजे बंद झाले पाहिजेत, यात आमचे दुमत नाही. त्या गाड्यांनी आमचीच माणसे प्रवास करतात. डोंबिवलीहून, विरारहून, पनवेलहून. पण दरवाजा बंद झाल्यावर त्या गर्दीला श्वास कुठून मिळणार, याचे उत्तर आमच्या बेंचवर तयार होते. ते घाईत तयार केलेले चालणार नाही.

तर मुदत.

संपासाठी कायद्याने लागणारी चौदा दिवसांची नोटीस आज दिली आहे. या चौदा दिवसांत आम्हाला लेखी आदेश हवेत. प्रत्येक ब्रेझिंग बेंचला नायट्रोजनची लाइन. युनिटांच्या संख्येला पुरतील एवढे व्हॅक्यूम पंप, आणि ते येईपर्यंत व्हॅक्यूमचा पूर्वीचा वेळ कायम. कॅडमियम नसलेले रॉड. चालू स्थितीतले रिकव्हरी मशीन आणि धूर खेचणारे पंखे, ज्यांच्याशिवाय दुरुस्तीचे बेंच उघडले जाणार नाहीत. ठेकेदारीतल्या कामगाराला त्याच कामाचा तोच पगार, आणि ओव्हरटाइमची थकबाकी. टेस्ट शीटवर शिफ्ट इंजिनिअरची सही आमच्या सहीशेजारी.

या शेवटच्या मागणीवर तडजोड होणार नाही. बाकीच्यांच्या तारखा बोलून ठरवता येतील.

आदेश निघाले तर काम चालू राहील. राहिलेला माल आम्ही भरून काढू. तेवढी ताकद या शेडमध्ये आहे.

निघाले नाहीत तर पंधराव्या दिवशी पहिल्या शिफ्टला कोणी आत येणार नाही. दुसऱ्या शिफ्टलाही नाही. त्यापुढेही नाही, आदेश हातात पडेपर्यंत.

एकही पाना जागचा हलणार नाही. एकाही कॉइलला ओरखडा पडणार नाही. सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद केलेले असतील, गेज पेटीत असतील, अर्धवट युनिटांवर टॅग लावलेले असतील. ही यंत्रे आम्ही जोडली आहेत. त्यांची नासधूस होईल अशी तक्रार लिहून ठेवली असेल, तर ती आत्ताच फाडून टाका.

मधल्या दिवसांत एकेकट्याला बोलावून समजूत घालण्याचा प्रयत्न होईल. एखाद्याला परमनंटचे आमिष दाखवले जाईल, एखाद्याची शिफ्ट बदलली जाईल. असे प्रत्येक बोलावणे तारीख-वेळेसह लिहून ठेवले जाईल आणि सगळ्यांना वाचून दाखवले जाईल. बोलायचे असेल तर आमच्या संप समितीशी बोला. समिती रोज दुसरी शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये असेल.

रेल्वे प्रशासनाला एकच सांगणे. ज्यांच्याकडून युनिटे घेता, त्यांच्या शेडमध्ये न कळवता या. कागद नंतर पाहा. आधी पंप किती आहेत ते मोजा, दिवसाला युनिटे किती निघतात ते मोजा, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही. उत्तर लेखी हवे, सहीशिक्क्यासह. मुदत आजच्या पहिल्या शिफ्टपासून मोजली जात आहे.